विलीविलीची पानं परत आली, बियांचं काय? हवाईतलं एक प्रकरण

पांगारा बघायला आपल्याकडे कुणी मुद्दाम जात नाही. फेब्रुवारी-मार्चमध्ये निष्पर्ण फांद्यांच्या टोकांना लालभडक तुरे येतात, साळुंक्या, बुलबुल, कोतवाल यांची झुंबड उडते, तेवढ्यापुरती मान वर होते. एरवी तो बांधावर, कुंपणात, नाहीतर पानमळ्यात वेलाला आधार देत निमूट उभा असतो. पावसाळ्याच्या तोंडावर फांदी तोडून रोवली तरी फुटते, त्यामुळे त्याचं कुणाला कौतुकही नसतं.

या पांगाऱ्याच्या प्रजातीत, म्हणजे एरिथ्रायनामध्ये, जगभरच्या उष्ण प्रदेशांत मिळून शंभराहून अधिक जाती आहेत. त्यातली एकच हवाई बेटांची मूळची. तिला तिथे विलीविली म्हणतात, शास्त्रीय नाव एरिथ्रायना सँडविसेन्सिस. हवाईबाहेर ती आपसूक कुठेच उगवत नाही. 2005 मध्ये या झाडावर एक संकट आलं आणि 2008 मध्ये त्यावर उपाय सापडला. जैविक नियंत्रणाचं, म्हणजे किडीवर तिचाच नैसर्गिक शत्रू सोडण्याचं, यशस्वी उदाहरण म्हणून हे प्रकरण सांगितलं जातं. यश खरं आहे. पण ते नेमकं कुठपर्यंतचं, हे सांगताना लोक घाई करतात, आणि उपाय हाती येईपर्यंतच्या साडेतीन वर्षांत काय केलं गेलं याकडे तर सहसा कुणी वळतच नाही. मला या प्रकरणात तोच भाग सगळ्यात मोलाचा वाटतो.

झाड आणि त्याची जागा

हवाई म्हटलं की हिरवीगार ओली बेटं डोळ्यासमोर येतात. ईशान्येकडून येणारे वारे डोंगरांना अडतात आणि त्या अंगाला धो धो पाऊस पडतो. पलीकडच्या उतारांवर मात्र आपल्या माण-खटावसारखा पर्जन्यछायेचा पट्टा आहे: काळा लाव्हा, विरळ माती, कडक ऊन. विलीविली इथली. समुद्रसपाटीपासून साधारण 600 मीटर उंचीपर्यंत ती आढळते. खोड जाडजूड, साल नारिंगी-तपकिरी, अंगावर काटे. उन्हाळा लागला की ती पानं टाकते आणि उन्हाळ्याच्या अखेरीस बिनपानांच्या फांद्यांवर फुलते. फुलांचा रंग झाडागणिक वेगळा: कुठे नारिंगी, कुठे फिकट पिवळा, कुठे पांढरा, कुठे चक्क हिरवट. विलीविली फुलली की शार्क चावतो, अशी तिथली जुनी म्हण आहे, आणि आजही त्या दिवसांत पाण्यात उतरताना लोक ती आठवतात.

लाकूड कमालीचं हलकं. जुन्या हवाईयन लोकांनी त्यातून मासेमारीच्या जाळ्यांचे तरंगते गोळे केले, होडीला बाजूने जोडतात तो तोल सांभाळणारा दांडा केला, लाटांवर स्वार होण्याच्या फळ्या केल्या. लालचुटुक बियांच्या माळा होतात.

हे झाड संकटाआधीही सुखात नव्हतं. हवाईतलं मूळचं शुष्क जंगल नव्वद टक्क्यांहून अधिक नाहीसं झालं आहे. जे उरलं त्यात शेळ्या आणि हरणं शिरतात. हरणं म्हणजे आपले चितळच. 1860 च्या दशकात ते मोलोकाई बेटावर भेट म्हणून आले आणि पुढे माउईवर नेले गेले. आपल्या ओळखीची सुबाभूळही तिथे माजलेलं तण आहे. आफ्रिकेतून आलेलं फाउंटन ग्रास नावाचं गवत वाळलं की पेटतं, आणि आग गेल्यावर पुन्हा तेच सगळ्यांत आधी उगवतं. एवढ्या सगळ्यातून वाचलेली झाडं बहुतेक जुनी होती. खाली नवी रोपं फारशी दिसत नव्हती. ही गोष्ट लक्षात ठेवावी लागेल, कारण पुढचा सगळा हिशेब तिच्यावर अडतो.

दीड मिलिमीटरचा पाहुणा

एप्रिल 2005 मध्ये ओआहू बेटावर, होनोलुलूच्या परिसरात, पांगाऱ्याच्या पानांवर विचित्र गाठी दिसल्या. कारण निघालं एक गांधीलमाशी, क्वाड्रास्टिकस एरिथ्रिनी. गांधीलमाशी म्हटल्यावर जी डोळ्यासमोर येते तशी अजिबात नाही. पूर्ण वाढलेली मादी जेमतेम दीड मिलिमीटर, नर त्याहून लहान. ती माणसाला डसत नाही, पान कुरतडत नाही. कोवळ्या पानाच्या, देठाच्या किंवा शेंड्याच्या आत अंडं घालते, एवढंच. अळी आत वाढू लागली की भोवतीची पेशीजालं फुगतात आणि गाठ तयार होते. अंड्यापासून प्रौढ माशीपर्यंतचा प्रवास सुमारे 20 दिवसांचा, म्हणजे वर्षात पिढ्यांवर पिढ्या.

गाठी आलेलं पान हातात घेतलं तर ते पान वाटत नाही. देठ बोटाएवढा जाड, पृष्ठभाग खडबडीत, पातं आतल्या बाजूला वळून गोळा झालेलं. प्रौढ माश्या बाहेर पडल्या की त्यावर टाचणीने टोचल्यासारखी भोकं दिसतात. असं पान अन्न करू शकत नाही, गळून पडतं. झाड साठवलेल्या अन्नावर नवी पालवी काढतं आणि माश्यांना नेमकं तेच हवं असतं. दोन-चार वेळा हे चक्र फिरलं की झाड खचतं.

काही महिन्यांत ही माशी हवाईच्या सगळ्या मोठ्या बेटांवर पोचली. पहिला आणि सगळ्यात ठळक फटका बसला तो आपल्याच पांगाऱ्याला, म्हणजे एरिथ्रायना व्हेरिगाटाला. त्याचा सरळसोट, उंच वाढणारा एक वाण तिथे वारा अडवायला शेतांच्या कडेने आणि रस्त्यांलगत रांगेने लावलेला होता. त्या रांगाच्या रांगा वाळून गेल्या. मेलेली झाडं रस्त्यावर पडू नयेत म्हणून तोडून उचलायचा खर्च पालिकेवर आला. शोभेची झाडं गेल्याचं दुःख होतंच, पण ती पुन्हा लावता आली असती. विलीविलीची गोष्ट वेगळी होती, कारण ती जायची ती जगातून जाणार होती.

ही माशी आली कुठून, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. तिला नावच मुळी 2004 मध्ये मिळालं होतं, सिंगापूर, मॉरिशस आणि रियुनियन इथल्या नमुन्यांवरून, आणि त्यातलं एकही तिचं मूळ गाव नव्हतं. तैवानमध्ये ती 2003 मध्येच दिसली होती. आपल्याकडे केरळातही याच सुमारास तिची नोंद झाली. तिथे मिरीचे वेल पांगाऱ्यावर चढवतात, आपल्या कोकणातही ही पद्धत आहे. वेलाचा आधारच वाळला तर वेलही जातो, त्यामुळे केरळातल्या शेतकऱ्यांना गिरीपुष्पासारखे दुसरे आधार शोधावे लागले. पांगाऱ्याचे दांडे एका बागेतून दुसऱ्या बागेत नेताना देठ आणि शेंडे एकदा निरखून घ्यावेत, कारण दांड्याबरोबर गाठीही जातात. पानं असलेला दांडा तर नेऊच नये.

फवारणी का चालली नाही

अळी गाठीच्या आत, त्यामुळे वरून फवारलेलं औषध तिच्यापर्यंत पोचत नाही. आंतरप्रवाही, म्हणजे झाडाच्या रसातून आतवर पोचणारं, औषध हवं. मग इमिडाक्लोप्रिड, जे आपले कापूस उत्पादक तुडतुड्यांसाठी वर्षानुवर्षं वापरतात, ते खोडात टोचून पाहिलं गेलं. काही ठिकाणी, काही झाडांवर त्याचा उपयोग झाला. बागेतलं एखादं मोलाचं झाड त्याने वाचवता येतं. पण लाव्हाच्या उतारांवर विखुरलेल्या हजारो रानझाडांना दरवर्षी एकेक करून टोचत हिंडायचं, हा मार्ग पैशानेही परवडणारा नव्हता आणि माणूसबळानेही. हा प्रश्न इथेच संपतो, त्यावर फार लिहिण्यात अर्थ नाही.

उरला मार्ग जैविक नियंत्रणाचा. ही माशी तिच्या मूळ मुलखात उपद्रवी नसेल, तर तिथे तिला कुणीतरी आवरत असणार. तो कोण, हे शोधायचं.

यात आपल्याला नवं काही नाही. 2002 मध्ये सांगलीकडे उसावर लोकरी मावा आला तेव्हा डिफा आणि मायक्रोमस या मित्रकीटकांनी तो आवरला. शेतकऱ्यांनी मित्रकीटक असलेली पानं एका शेतातून दुसऱ्या शेतात नेऊन बांधली. पण ते मित्रकीटक आपल्या मुलखात आधीच होते. हवाईच्या प्रकरणाला जास्त जवळचं उदाहरण पपईवरच्या पिठ्या ढेकणाचं. 2008 मध्ये तो तमिळनाडूत दिसला, पुढे महाराष्ट्रातल्या बागांतही पोचला, आणि 2010 मध्ये त्याचा परोपजीवी कीटक प्वेर्तो रिकोहून आणून सोडावा लागला. परका शत्रू आणि त्याच्यामागून मुद्दाम आणलेला परका मित्र. हवाईत हेच करायचं होतं, फक्त तिथे शत्रूचा पत्ताही आधी शोधायचा होता.

साडेतीन वर्षांची वाट

हवाई राज्याच्या कृषी विभागाचे कीटकशास्त्रज्ञ मोहसेन रमदान पूर्व आफ्रिकेत गेले. आफ्रिकेत पांगाऱ्याच्या अनेक जाती आहेत, आणि तिथे ही माशी सापडली, पण तुरळक. टांझानियातून आणलेल्या गाठींमधून तिच्याबरोबर आणखी एक गांधीलमाशी बाहेर पडली. ती तेव्हा शास्त्राला अपरिचित होती. पुढे तिचं नाव ठेवलं गेलं युरिटोमा एरिथ्रिनी.

तिची वागणूक विलक्षण आहे. मादी गाठीत अंडं घालते, त्यातून निघालेली अळी आतल्या माशीच्या अळीला खाते. एका अळीवर तिचं भागलं नाही, तर ती गाठीतल्या भिंती पोखरत शेजारच्या कप्प्यात जाते, तिथली अळी खाते, मग पुढच्या कप्प्यात. एकेक युरिटोमा अशा पाचपर्यंत अळ्या फस्त करू शकते. गाठ जितकी गच्च भरलेली, तितकं तिचं फावतं. पीडा सगळ्यात भयंकर होती तिथेच ती सगळ्यात परिणामकारक ठरणार, हे यावरून दिसत होतं.

मग लगेच सोडली का नाही? झाडं डोळ्यांदेखत वाळत होती. नागरिक विचारत होते, वर्तमानपत्रं विचारत होती. यावर माझं मत स्पष्ट आहे: थांबले ते बरोबर केलं. हवाईने घाईची किंमत मोजली होती. 1883 मध्ये उसातले उंदीर मारायला तिथल्या मळेवाल्यांनी मुंगूस आणले, मूळ हिंदुस्थानातले, जमैकामार्गे. मुंगूस दिवसा हिंडतो, उंदीर रात्री. मुंगसांनी जमिनीवर घरटी करणाऱ्या पक्ष्यांची अंडी खाल्ली, उंदीर राहिले. 1955 मध्ये आफ्रिकी गोगलगाय आवरायला दुसरी एक शिकारी गोगलगाय सोडली, तिने बेटांवरच्या मूळच्या, जगात दुसरीकडे नसलेल्या गोगलगायी संपवायला हातभार लावला. या दोन गोष्टी तिथल्या शाळकरी पोरांनाही ठाऊक असतात. त्यामुळे नवा जीव आणायचा तर तो आधी बंद विलगीकरण प्रयोगशाळेत ठेवायचा, आणि तो दुसऱ्या कुणाला धरत नाही ना, हे दाखवायचं, असा तिथे कडक दंडक आहे.

चाचणी अशी. पिंजऱ्यात युरिटोमाच्या माद्या सोडायच्या आणि पांगाऱ्याऐवजी दुसऱ्या झाडांवरच्या, दुसऱ्या कीटकांनी केलेल्या गाठी पुढ्यात ठेवायच्या. त्यात अंडी घालते का, पिल्लं निघतात का, बघायचं. या यादीत एक गमतीचा मुद्दा होता. हवाईत घाणेरी आवरण्यासाठी शंभरेक वर्षांपूर्वी मेक्सिकोतून एक माशी आणली होती, ती घाणेरीच्या खोडावर गाठी करते. ती तिथे कामाची माशी आहे. युरिटोमाने तिलाच गाठलं असतं तर एक तण आवरायचं साधन हातचं गेलं असतं. युरिटोमाने पांगाऱ्याची गाठ सोडून कशातही संसार मांडला नाही. चाचण्या, मग पर्यावरणीय अहवाल, मग हवाई राज्य आणि अमेरिकेचं केंद्र सरकार यांच्या परवानग्या. नोव्हेंबर 2008 मध्ये पहिली युरिटोमा मोकळ्या हवेत सोडली गेली. गाठी दिसल्यापासून तीन वर्षं सात महिने.

आता या काळात बाकीचे काय करत होते? बिया गोळा करत होते. माशी येताच काही जणांच्या लक्षात आलं की उपाय मिळेल किंवा मिळणार नाही, पण झाडं मेली आणि बी हाती नसलं तर उपायाचा उपयोगच उरणार नाही. वेगवेगळ्या बेटांवरून, वेगवेगळ्या उतारांवरून विलीविलीचं बी जमवलं गेलं. ओआहूवरच्या लायन अर्बोरीटमच्या बियाणे प्रयोगशाळेसारख्या ठिकाणी ते साठवण्यात आलं. एकाच वनातलं पोतंभर बी आणण्यापेक्षा अनेक ठिकाणचं मूठमूठ बी आणण्यावर भर होता, कारण फुलांच्या रंगाइतकाच बाकीचा वारसाही झाडागणिक वेगळा असतो. एकाच जागी उभ्या दोन विलीविलींपैकी एक गाठींनी वाकलेली आणि दुसरी बऱ्यापैकी तग धरून, असंही दिसत होतं.

विलीविलीचं बी या कामाला उत्तम. कवच इतकं टणक की कोरडं ठेवलं तर वर्षानुवर्षं टिकतं. लावायचं तेव्हा कानशीने एका बाजूला कवच थोडं घासायचं, आतला फिकट भाग दिसला की थांबायचं आणि पाण्यात भिजत टाकायचं. बी फुगून दुप्पट झालं की पेरायचं. घासल्याशिवाय टाकलं तर पाण्यात तसंच पडून राहतं.

या साठवणीची बातमी झाली नाही, कारण बी डबीत ठेवण्यात नाट्य नसतं. पण माझ्या मते या प्रकरणातला सगळ्यात शहाणा निर्णय तोच. युरिटोमा फसली असती, तरी तो वाया गेला नसता.

पानं परतली, मग?

युरिटोमा काही महिन्यांत रुजली, बेटांवर पसरली, आणि दोनेक वर्षांत विलीविलीच्या पालवीवरच्या गाठी लक्षणीय कमी झाल्या. माउईवरच्या पुउ ओ काली इथलं विलीविलीचं रान, हवाईतल्या उरलेल्या शुष्क जंगलांपैकी एक चांगलं रान, पुन्हा पानांनी भरलं. जी झाडं आधीच मेली होती ती गेलीच. पण ओसाड वाटणारी कित्येक झाडं सावरली. बातमीदारांनी इथे गोष्ट संपवली.

ती इथे संपत नाही. पानांवरच्या गाठी कमी झाल्या तरी फुलोऱ्यावर आणि कोवळ्या शेंगांवर गाठी येतच राहिल्या, आणि तिथे युरिटोमाचा अंमल तितका चालला नाही. पानं असली की मोठं झाड जगतं. पण फुलोरा गाठाळला की शेंग धरत नाही, धरली तर बी थोडं. रोपांचंही तेच. कोवळ्या रोपाला अंगावर घ्यायला साठवलेलं अन्न नसतं, त्यामुळे मोठं झाड सोसतं तेवढ्या गाठींनी रोप मरतं.

त्यात आणखी एक जुना चोर. 2001 मध्येच हवाईत आफ्रिकेतून एक भुंगेरा आला होता, स्पेक्युलेरियस इम्प्रेसिथोरॅक्स. आपल्या मुगा-तुरीला लागतो त्याच कुळातला. मादी शेंगेवर किंवा बीवर अंडं घालते, अळी बीच्या आत शिरून ते पोखरते आणि गोल भोक पाडून भुंगेरा बाहेर येतो. लाल बी वरून शाबूत दिसतं, उचललं तर हलकं लागतं. गांधीलमाशीतून सुटलेल्या बियांपैकी बऱ्याच अशा जातात. युरिटोमाचा या भुंगेऱ्याशी काहीच संबंध नाही.

आता सुरुवातीची गोष्ट जोडून पाहा: झाडं बहुतेक जुनी, खाली रोपं नाहीत. म्हणजे 2008 च्या उपायाने जुन्या झाडांना आयुष्य मिळालं, पण त्यांची जागा घेणारी पिढी आपसूक येईल अशी स्थिती आणली नाही. ती हाताने आणावी लागते. हवाई याच नावाच्या, सगळ्यात मोठ्या बेटावर वायकोलोआ इथे सुमारे 275 एकरांचं शुष्क जंगल कुंपण घालून राखलं आहे. तिथे काम करणारे लोक शेळ्यांना बाहेर ठेवतात, फाउंटन ग्रास उपटतात, आगीसाठी मोकळे पट्टे राखतात आणि बियांपासून वाढवलेली रोपं लावतात. पहिले काही उन्हाळे पाणीही घालावं लागतं. हे काम वर्षानुवर्षांचं आहे.

फुलोऱ्याच्या प्रश्नासाठी आफ्रिकेतूनच मिळालेल्या दुसऱ्या एका परोपजीवी गांधीलमाशीचा, ॲप्रोस्टोसेटस नायटेन्सचा, विचार झाला. युरिटोमापेक्षा ती लहान. विरळ आणि छोट्या गाठींमध्ये, म्हणजे जिथे युरिटोमाला पुरेसं खाद्य नसतं तिथे, ती कामी यावी ही अपेक्षा. अपेक्षा पटण्यासारखी आहे. तरी दोन मित्रकीटक एकाच गाठीवर आले तर एकमेकांच्याच मुळावर उठतील का, हे पारखल्याशिवाय दुसरी सोडावी असं मला वाटत नाही. शिवाय ती सर्वार्थाने यशस्वी ठरली तरी भुंगेरा उरतोच, आणि भुंगेऱ्याला आवरणारा असा मित्रकीटक अजून कुणी सोडलेला नाही. तोवर शेंग तडकायच्या आत रानात जाऊन चांगलं बी वेचणं आणि ते कानशीने घासून कुंपणाच्या आत लावणं, हेच चालू ठेवावं लागेल.